आक्कांच्या गोठ्यातले चार माग

रुक्मिणआक्कांचं नाव आधी लिहिते. नंतर लिहू म्हटलं की माझं मन भलत्याच काळजीत शिरतं आणि मुख्य माणूस राहून जातं, तसं इथं व्हायला नको. तामलवाडीच्या अलीकडे, सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत एक वस्ती आहे, तिथं त्या राहतात. थोडी शेती, दावणीला तीन म्हशी, घरात मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. आमच्या टॉवेल विणायच्या शेडमध्ये त्या कांड्या भरायच्या, म्हणजे मागाच्या धोट्यात जी सुताची बारीक नळी बसते ती भरून द्यायच्या. त्यांच्यामुळे मी आज या जिल्ह्यात आहे, आणि माझं काम माझ्या हातात आहे. त्याची किंमत त्यांनी काय दिली हे त्या कुणाला सांगत नाहीत, म्हणून मी सांगते.

मी मूळची भंडारा जिल्ह्यातली, मोहाडीकडची. आई गेली तेव्हा सातवीत होते; धाकटी भावंडं सांभाळायला घरी राहिले ती शाळेत परत गेलेच नाही. वडील हातमागावर बसायचे. त्यांच्या शेजारी बसून तुटलेला धागा जोडायला शिकले, तेच माझं शिक्षण. लग्न झालं ते सोलापूरकडे माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरशी, आणि नवऱ्यामागोमाग इकडे आले. नवरा काविळीनं गेला त्यालाही आता बराच काळ झाला. वीस वर्षांच्या वर इथं राहूनसुद्धा बाजारात तोंड उघडलं की भाजीवाली म्हणते, तुमी हिकडच्या न्हाय वाटतं. कारण माझ्या तोंडून अजून 'का'ऐवजी 'काऊन' निघतं, 'करतेय'ऐवजी 'करून राहिली' निघतं. शेडमधल्या बायका मला काऊनबाईच म्हणायच्या. सुरुवातीला रडू यायचं, नंतर त्या नावानं कुणी हाक मारली नाही तर चुकल्यासारखं व्हायला लागलं.

माझं काम सांधणीचं. ते बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं आहे. टॉवेलच्या मागावर उभ्या सुताचे दोन मोठे गुंडाळे असतात, त्यांना बीम म्हणतात. एका बीमचं सूत ताठ असतं, त्यातून टॉवेलची जमीन विणली जाते. दुसऱ्याचं सैल सोडतात, त्याची वरची मऊ लव होते. ही हजारो सुतं एकेक करून आधी वहीच्या, म्हणजे सुतं वर-खाली उचलणाऱ्या चौकटीच्या, डोळ्यांतून आणि मग फणीच्या दातांतून ओवलेली असतात. बीम संपत आला की माग थांबवतात, पण सूत पूर्ण संपू देत नाहीत. हातभर टोकं मागावर तशीच ठेवायची, नवा बीम चढवायचा आणि नव्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेक टोकाला जोडायचा. मग माग हातानं हळू फिरवायचा. सगळे सांधे वहीतून, फणीतून निसटून पुढं येतात आणि माग चालू होतो.

टोकं कापून टाकली तर मात्र सगळं पहिल्यापासून ओवायचं. एक माणूस मागाच्या आत बसून धागा देतो, दुसरा बाहेरून ओढतो, आणि लवेच्या मागाची ओवणी नीट जाणणारी माणसं थोडी उरलीत. जुन्या मागांसाठी ती कुणी बोलावत नाही. म्हणून जुन्या मागाचं सूत एकदा कापलं की तो माग पुढं भंगाराच्याच वजनाला लागतो. आमच्यात रिकामा माग अशुभ मानतात. काम नसलं तरी त्यावर टोकं असावीत, मग भले चार महिने जावोत.

सांधताना बोटं घामेजतात, धागा निसटतो. त्याला उपाय राख. चिमटीला राख लावून धाग्याला पीळ द्यायचा. मी आले तेव्हा शेडमध्ये खडूची भुकटी ठेवलेली असायची, ती माझ्या बोटांना चिरा पाडायची. एक दिवस आक्का पदराच्या गाठीत काहीतरी घेऊन आल्या आणि माझ्यापुढं सोडली. चाळलेली राख होती, पिठासारखी. म्हणाल्या, "आमच्या चंद्रीच्या गवरीची हाय. लाकडाच्या राखंत खडं असत्यात, हिच्यात न्हाईत." चंद्री म्हणजे त्यांची थोरली म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तेव्हापासून मी सांधलेल्या प्रत्येक बीमला चंद्रीची राख लागलेली आहे. आमची ओळख तिथून.

आमच्या कामाची गंमत अशी की ते चांगलं झालं तर दिसत नाही. जिथं जुनं आणि नवं सूत जोडलेलं असतं ती वीतभर पट्टी विणून झाली की कापून टाकतात. तिला भाव नाही. कुणी त्यानं माग पुसतं, कुणी हात. एकदा अमेरिकेहून घेणारी एक बाई शेड बघायला आली होती. उंच, पिकल्या केसांची, बोलणं मऊ. तिच्याबरोबर मुंबईचा एक जण तिचं बोलणं मराठीत सांगायला होता. टॉवेल पाण्यात टाकून तो किती लवकर बुडतो ते तिनं पाहिलं, कडा ओढून पाहिल्या, मग माझ्याजवळ येऊन उभी राहिली ती हलेचना. शेवटी तिनं ती सांध्यांची पट्टी मागितली. शेठ ओशाळले, म्हणाले ते टाकाऊ आहे, मी चांगला टॉवेल देतो. तिनं मान हलवली आणि पट्टीची घडी करून पर्समध्ये ठेवली. ती गेल्यावर आक्का म्हणाल्या, "येवढ्या लांबनं आली अन् चिंध्या घिऊन गेली बघ." सगळ्या हसल्या. पण मला त्या दिवशी जेवण गोड लागलं, हे खरं.

शेठ म्हणजे आमचे मालक, बसवराजशेठ. सोलापूरचे. मोठे कारखानदार नव्हेत, भाड्याच्या शेडमध्ये जुने माग घेऊन एका मोठ्या निर्यातदाराचं काम करून देणारे. रागीट, पण पगार चुकवला नाही कधी. त्यांनीच मला सांगितलं होतं की मी इथं कशी आले. मला वाटायचं लग्नामुळे. ते म्हणाले, पूर्वी परदेशात कापड पाठवायला कोटा असायचा, अमुक देशानं अमुकच माल द्यायचा. मग सगळ्या देशांनी मिळून व्यापाराची एक पंचायत उभी केली. तिचं ठाणं युरोपात, जिनिव्हाला. तिच्या नियमानं तो कोटा उठला, आणि अमेरिकेला टॉवेल पाठवायची वाट मोकळी झाली. तेव्हा इकडे शेडवर शेड उभी राहिली आणि जॉबरांना, सांधणीवाल्यांना बोलावणी गेली. म्हणजे माझ्या नवऱ्याला आलेलं बोलावणं त्या पंचायतीचंच होतं म्हणायचं. ज्यांना मी कधी पाहणार नाही अशा माणसांनी एक नियम बदलला आणि मोहाडीची पोर तामलवाडीला आली. हे ऐकून मला बरं वाटण्याऐवजी भीती वाटली. एका नियमानं आणलंय, तर एका नियमानं जाऊही शकते.

तसंच झालं. गेल्या वर्षी पावसाळ्यातच कुणकुण होती. अमेरिका आपल्या मालावर कर बसवणार, बसवला, आता त्याच्यावर आणखी बसवणार. दुसरा कर लागू झाला तो नेमका गणपती बसले त्या दिवशी. शेडमध्ये लहानसा गणपती असायचा. आरती झाल्यावर शेठांनी शटर अर्धं ओढून आम्हाला बसवलं आणि समजावून सांगितलं. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला नाही. म्हणूनच मला धडकी भरली.

ते म्हणाले, हा कर आपण भरायचा नसतो, तिकडे माल उतरवून घेणारा भरतो. पण टॉवेलच्या निम्म्या किमतीएवढा कर भरून तो आपला टॉवेल काऊन घेईल, हे मी माझ्या शब्दात सांगते; तो शेजारच्या देशाचा घेईल. पट्टी नेणाऱ्या बाईचाही निरोप आला होता. तिनं लिहिलं होतं की गोदामातला माल विकायचा कसा हेच तिला कळत नाही, नवी मागणी देता येणार नाही. शेठ म्हणाले, तिच्यावर रागावू नका, तीही आपल्यासारखीच अडकलीय.

आक्कांनी विचारलं, "मग त्या पंचायतीत जावं की. तुमीच सांगत व्हता न्हवं, सगळ्या देशांची हाय म्हणून."

शेठांनी गणपतीपुढची वात वर सारली. मग म्हणाले, पंचायत आहे, पण तिथं निकालावर अपील ऐकणारे जे पंच असतात, त्यांच्या खुर्च्या काही वर्षांपासून रिकाम्या आहेत. एकेकाची मुदत संपली, आणि नवा पंच नेमायचा तर सगळ्यांचा होकार लागतो. अमेरिका होकार देत नाही. एका राज्यकर्त्यानं दिला नाही, पुढच्यानंही दिला नाही. खालच्या पंचांनी निकाल दिला तरी हरणारा म्हणतो मी वर अपील करतो, आणि वर कुणीच नाही. प्रकरण तिथंच पडून राहतं.

"म्हंजी पाटलानं पुढं हून पार बांधला," आक्का म्हणाल्या, "अन् आता पाटीलच पारावर कुणाला बसू दीना."

शेठ हसले नाहीत. म्हणाले, त्यांचंही म्हणणं आहे, आक्का. ते म्हणतात पंच आपली हद्द सोडून निकाल द्यायला लागले, आणि काही देश नियमांतून पळवाटा काढून माल खपवतात. ते सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण भांडण असलं म्हणून पार मोडायचा नसतो.

मला त्यातलं किती कळलं देव जाणे. मला एवढंच दिसत होतं की मागावर चढलेले बीम संपतील तेव्हा नवे येणार नाहीत.

पितृपक्षापासून माग एकेक करून थांबू लागले. सूत संपत आलं की जॉबर बटण दाबायचा आणि मी जाऊन टोकं बांधून ठेवायची. वहीच्या मागं सुताचे जुडगे करून सैल गाठीत रिकाम्या बीमला अडकवायचे, वरून फडकं. शेडमध्ये एवढा गोंगाट असायचा की आम्ही बायका ओठांवरून बोलणं ओळखायचो. माग थांबत गेले तसतसं एकमेकींचे आवाज ऐकू यायला लागले आणि बोलायला काही उरलं नाही. खंडेनवमीला मागांची पूजा केली. एरवी पूजेनंतर प्रत्येक माग एक फेरा फिरवायचा असतो. त्या वर्षी जॉबरनं हातानं फिरवले.

दिवाळीनंतर शेडच्या मालकानं जागा मागितली. त्याला सोयाबीनचं गोदाम करायचं होतं, आणि भाडं थकत चाललेल्या शेडचं त्यानं तरी काय करावं. शेठांनी भंगारवाला बोलावला. भंगारवाला मागांमधून फिरत लोखंडावर टिचकी मारत होता. सुताच्या जुडग्यांकडे बोट दाखवून म्हणाला, हे कापून ठेवा, सुतासकट मी उचलणार नाही.

कात्री माझ्याच खणात असायची. शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, "देवकीबाई, कापा."

मी आयुष्यात मालकाला उलटून बोलले नाही. मला बोलताच येत नाही. वरच्या आवाजात कुणी विचारलं तरी माझी जीभ टाळूला चिकटते. त्या दिवशी मी कात्री घेऊन मागापर्यंत गेले आणि उभीच राहिले. मग एवढंच म्हणाले की शेठ, कापलं तर हे माग पुन्हा उठणार नाहीत, तुम्हालाही माहीत आहे.

ते म्हणाले, "मग ठेवू कुठं? डोक्यावर?"

पण थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच बोलणं फिरवलं. म्हणाले, चार माग जरा चांगले आहेत. गुढीपाडव्यापर्यंत कुणी कोरडी, छपराची जागा दिली तर ते चार मी विकणार नाही. काम परत आलं तर सांधणी तुमची. नाही आलं तर मग कापायचं. भाडं द्यायला मात्र माझ्याकडे काही नाही.

कोरडी, छपराची जागा, आणि बिनभाड्याची. मी तिथं परकी. माझी स्वतःची खोली एवढी की पाय पसरले तर भिंत लागायची. घरी फोन केला तर भाऊ म्हणाला, ये ना वापस, काऊन राहून राहिली तिथं? तो प्रेमानंच म्हणाला. पण मोहाडीचे हातमाग कधीच गेले होते. तिथं परत जाणं म्हणजे भावाच्या घरी भांडी घासत म्हातारी होणं. मी बॅग भरायला काढली होती, हे लपवत नाही.

आक्का खोलीवर आल्या तेव्हा ती बॅग खाटेवर उघडीच होती. त्यांनी बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बॅग उचलून खाटेखाली सारली.

"गोठा हाय न्हवं माझा," म्हणाल्या. "पत्रं नवं टाकल्यात. भुई वाळली की माग बसत्यात चार."

मी म्हणाले, आक्का, आणि म्हशी?

"म्हशीस्नी चिंचंखाली बांधू. म्हशीला काय बीम असतो व्हय तुटायला."

मी नको म्हणाले. दोनदा म्हणाले. त्यांचा मुलगाही नाराज होता, हे मला दिसत होतं. सुनेनं तर तोंडावर विचारलं, थंडीत जनावर बाहेर कसं ठेवायचं. आक्का तिला म्हणाल्या, पुढल्या थंडीपत्तुर व्हय? पाडव्यापत्तुर. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू गेलीस तर माग ठिऊन काय करायचं? अन् माग गेलं तर तुला ठिऊन काय करायचं? दोन्ही बी ऱ्हाऊ द्या." मुलगा उठला आणि चिंचेखालची जागा झाडायला गेला.

माग हलवायचं काम आक्कांच्या भावानं केलं. दत्तूभाऊ ढोकीचे, कारखान्याला ऊस ओढणारा त्यांचा ट्रॅक्टर. गळीत हंगाम तोंडावर असताना बहिणीच्या शब्दाखातर एक दिवस मोडून आले. माणूस मायाळू, हात राकट. पहिला माग ट्रॉलीत चढवला आणि दत्तूभाऊंनी उसाची भरती आवळतात तसा दोर टाकून, पाय रोवून, तो आवळला. त्यांच्या धंद्यात ढिला दोर म्हणजे रस्त्यात सांडलेला ऊस. सूत मात्र उलटं. त्याला ढिलं ठेवलं तरच ते जगतं. मी शेडमध्ये दुसऱ्या मागाची टोकं बांधत होते. बाहेर आले तेव्हा दोर नेमका बीमवरून गेला होता आणि सुताला ताण बसला होता. मी ओरडेपर्यंत ट्रॉलीला पहिला हिसका बसला. फणीजवळून एका बाजूची सगळी सुतं तुटली. आवाज फार मोठा नव्हता, जुनं लुगडं फाडावं तसा.

मी ट्रॉलीच्या चाकाशी खाली बसले. दत्तूभाऊ उतरले, तुटलेली टोकं हातात धरून बघत राहिले. "म्या तर चांगलं आवळलं व्हतं," म्हणाले. त्यांना चूक काय झाली ते कळत नव्हतं आणि मला समजावता येत नव्हतं. शेवटी आक्कांनीच भावाला सांगितलं, "वासराला दावं आसं आवळतोस का रं? तसंच हाय ते."

उरलेल्या तीन मागांना आक्कांनी घरातल्या वाकळा काढून दिल्या. बीमखाली भुसकटाची पोती लावली, दोर फक्त लोखंडाला, सुताला काही नाही. दत्तूभाऊंनी ट्रॅक्टर चालवायला दुसऱ्याला दिला आणि स्वतः ट्रॉलीत बीमला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले, शेडपासून वस्तीपर्यंत, प्रत्येक खेपेला. ते तिन्ही माग शाबूत आले. तुटलेला पहिला मागही आम्ही गोठ्यात घेतला. त्याला बाहेर ठेवायला कुणाचं मन होईना.

त्या दिवशी चहा पिताना दत्तूभाऊंनी एक गोष्ट सांगितली ती मला विसरता येत नाही. मी त्या रिकाम्या खुर्च्यांबद्दल बोलत होते, अमेरिकेनं कसं केलं बघा म्हणून. ते म्हणाले, "ताई, आमच्या साखरंचं ठावं हाय का? आपलं सरकार उसाला, साखरंला मदत देतंय म्हणून दुसऱ्या देशांनी त्याच पंचायतीत तक्रार केलती. निकाल आपल्याविरुद्ध गेला. मग आपण काय केलं? वर अपील केलं. वर कोण हाय? कोन्नी न्हाय. आमी समदे खूश, चला, ऊस वाचला." बशीतला चहा संपवून म्हणाले, "तवा खुर्ची रिकामी व्हती म्हणून बरं वाटलं. आता तीच रिकामी हाय."

आक्कांनी कप-बशा गोळा केल्या. मी मनात अमेरिकेला जे बोलत होते ते मला तेवढ्याच जोरानं पुढं बोलता आलं नाही. राग गेला असं नाही. जो बलवान आहे त्यानं पार मोडला तर गावाचं जास्त नुकसान होतं, हे मला अजून पटतं. पण पार मोडलेला असताना आपणही त्याच्या सावलीत बसून घेतलं होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग थंडी आली. मी रोज सकाळी गोठ्यात जायची. माग न चालणं हे मागाला आजारपण असतं. तेल द्यायचं, गंज पुसायचा, उंदरांसाठी कडुनिंबाचा पाला बदलायचा, सुतावरची धूळ कोंबडीच्या पिसानं झाडायची. आणि तुटलेल्या मागाचा एकेक धागा जमेल तसा जोडत बसायची. वहीत जी टोकं राहिली होती त्यांना तुकडे जोडून लांबवायची आणि फणीतून पुन्हा काढायची. ओवणीचं पूर्ण काम मला येत नाही. वडिलांच्या मागावर जे पाहिलं होतं ते आठवून, चुकत, पुन्हा सोडवत केलं. आक्का समोर बसून शेंगा निवडायच्या. मधेच विचारायच्या, झालं का गं काऊनबाई. मी म्हणायची, करून राहिली, आक्का.

म्हशी चिंचेखाली होत्या. आक्कांच्या मुलानं कडब्याचा आडोसा केला, पोती शिवून पाठीवर टाकली. पण त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला होता, जमिनीतली ओल गेली नव्हती, आणि पहाटेचं वारं बोचरं. दोन म्हशी निभावल्या. चंद्री थोरली, वयानं उतरलेली. ती आधी खोकू लागली, मग चारा टाकू लागली. डॉक्टर येऊन सुया देऊन गेले, म्हणाले आत बांधा. आत माग होते. मी म्हणाले, आक्का, एक माग बाहेर काढू. तुटलेलाच काढू. आक्का म्हणाल्या, "निम्मा जोडलास की गं त्यो." चंद्रीला त्यांनी घराच्या ओसरीत घेतलं आणि सोयाबीनची पोती अंगणात काढली. ओसरीतच ती गेली, संक्रांतीच्या आधी.

घरात कुणी मला एक शब्द बोललं नाही. सून रडली ती माझ्यासमोर रडली नाही. आक्कांनी दोन दिवस गोठ्यात पाय ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी आल्या, नेहमीच्या जागी बसल्या आणि पदराची गाठ सोडून राख पुढं केली. म्हणाल्या, जपून वापर.

एवढंच. मी जपून वापरली.

पाडव्याच्या आधीच कर उतरल्याची बातमी आली. म्हणजे बोलणी झाली, काहीतरी ठरलं, मग तिकडच्या कोर्टाचं काहीतरी झालं, पुन्हा दुसराच कर लागला, असं बरंच कानावर आलं. शेठ म्हणाले, किती दिवस टिकेल ते कुणी छातीठोक सांगत नाही, पण घेणारे पुन्हा फोन उचलायला लागलेत. त्यांनी लहानशी शेड भाड्यानं घेतली. गोठ्यात येऊन मागांपुढं उभे राहिले, वाकून सुताच्या जुडग्याला हात लावला. मग आक्कांकडे वळले आणि चपला काढून त्यांच्या पाया पडले. आक्का गडबडल्या. "आता गं बया, शेठ, जोडं घाला, शेण हाय खाली," म्हणाल्या.

पहिला बीम चढला तो तुटून जोडलेल्या मागावर. मीच तो मागितला. जुनं सूत त्या अमेरिकेच्या ऑर्डरचं होतं, कर लागायच्या आधीचं. नवं सूत कुणाच्या ऑर्डरचं ते मी विचारलं नाही. चंद्रीची उरलेली राख बोटाला लावली आणि सांधायला बसले. झाल्यावर जॉबरनं माग हातानं हळू फिरवला. तुटलेल्या बाजूला मी फणीला डोळे लावून होते. काही धागे अडले, ते सोडवले. बाकीचे सांधे फणीतून पुढं आले. मग त्यानं बटण दाबलं. आवाज सुरू झाला आणि आक्का मला काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकू आलं नाही. ओठांवरूनही ओळखता आलं नाही, कारण मला नीट दिसत नव्हतं.

आता चारही माग चालतात, कधी दोनच चालतात. काळजी गेली नाही, माझी जाणारही नाही. खुर्च्या अजून रिकाम्याच आहेत असं ऐकते. त्या कुणी कधी भरतील, भरल्यावर आमच्यासारख्यांचं कुणी ऐकेल का, मला माहीत नाही. पण जे मोठे लोक हे नियम करतात आणि मोडतात, त्यांना एकदा आमच्या शेडमध्ये आणून सांधणी दाखवावी असं फार वाटतं. भांडा, थांबवा, माग बंद ठेवा. पण टोकं कापू नका. कापायला एक माणूस पुरतो.

गोठा आता म्हशींचा म्हशींना मिळाला. दोनच आहेत. तिसरा खुंटा मोकळा आहे. आक्कांचा मुलगा तो उपटणार होता, येता-जाता ठेच लागते म्हणाला. मी त्याला हात जोडून नको म्हटलं.

त्या पहिल्या बीमची सांध्यांची पट्टी कापली तेव्हा ती मी कुणाला पुसायला दिली नाही. तिला पुढच्या काही बीमांची उरलेली टोकं जोडत गेले आणि वळून वळून त्याचं दावं केलं, जाड, पण हाताला मऊ. ते त्या खुंट्याला अडकवून ठेवलं आहे. आक्कांना वाचता येत नाही; नात हे वाचून दाखवील तेव्हा त्या रागावतील, म्हणतील माझी म्हस कशाला छापलीस गं. छापली, आक्का. दावं तयार आहे. कपाळावर पांढरा ठिपका असलेली मिळेपर्यंत शोधीन, आणि एक दिवस मी स्वतः तिला चालवत आणून त्या खुंट्याला बांधीन. सैलच बांधीन.